एक्केचाळीस कुंड्या, दोन मांजरं

त्या आठवड्यातली ती तिसरी उलटी होती, आणि या वेळी ती सूनबाईच्या कामावर जायच्या बुटात झाली होती. तिने पाय आत घातला, थबकली, पाय बाहेर काढला आणि बूट खिडकीपाशी उजेडात नेला. चावून चोथा केलेल्या पिवळ्या पाकळ्या आणि एक जवळजवळ अख्खं पान. शेवंतीचं. साडेसात वाजले होते, आठला लॅबमध्ये पोचायचं होतं, आणि घरातल्या सपाता सोडल्या तर पायात घालायला दुसरं काही नव्हतं.

मागच्या अंगणात सासरे झारीने कुंड्यांना पाणी घालत होते. स्वयंपाकघरातून अंगणात जाणारं दार सताड उघडं होतं. कालच तिने त्यांना ते लावून घ्यायला सांगितलं होतं. परवाही सांगितलं होतं. त्याआधीचं मोजण्यात आता अर्थ नव्हता.

घरात माणसं दोन आणि मांजरं दोन. नवरा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. वर्षातले आठ महिने तो समुद्रावर असायचा आणि उरलेले चार महिने झोपलेला. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. सासऱ्यांचा जन्म इमारतींचे आराखडे काढण्यात गेला होता. बायको गेल्यावर महिनाभर ते काहीच करेनात, आणि मग एक दिवस सहा कुंड्या आणि शेवंतीची रोपं घेऊन आले. सहाच्या चौदा झाल्या, चौदाच्या तीस, आणि आता अंगणात एक्केचाळीस कुंड्या होत्या. प्रत्येक कुंडीत पत्र्याची पट्टी, पट्टीवर अनुक्रमांक, जात, लावल्याची तारीख, आणि अक्षर असं की छापून आणलंय वाटावं. एका फांदीवर ते एकच फूल ठेवायचे. बाजूच्या सगळ्या बारीक कळ्या रोज सकाळी चिमटीत धरून नखाने खुडायच्या, म्हणजे उरलेली एक कळी ताटलीएवढी फुलते. त्या कामाला त्यांना दोन तास लागत आणि त्या दोन तासांत ते कुणाचं ऐकत नसत.

मांजरं सूनबाईने आणली होती. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. लॅबच्या माळ्यावर प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यात एका मांजरीने पिल्लं घातली आणि पुढच्या आठवड्यात ती मांजरी दिसेनाशी झाली. मालकांनी पोती हलवायला सांगितली तेव्हा सूनबाई उरलेली दोन पिल्लं डब्याच्या पिशवीतून घरी घेऊन आली. काळी बारकी, शेपूट ताठ धरून चालणारी, तिचं नाव पेन्सिल पडलं. करडा, गुबगुबीत, कुठेही ठेवला तर तिथेच पडून राहणारा बोका, तो खोडरबर. सासऱ्यांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, ठेव, पण माझ्या झाडांना त्रास झालेला चालणार नाही. झाडांचा मांजरांना त्रास होईल हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

बुटाच्या दिवशी ती लॅबला उशिरा गेली आणि संध्याकाळी पेन्सिलला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, वजन केलं. दोन महिन्यांत पाव किलो उतरलं होतं. घरात झाडं कोणती, असं त्यांनी विचारलं आणि शेवंती म्हटल्यावर मान हलवली. शेवंती मांजरांना सौम्य विषारी असते, त्या म्हणाल्या. उलट्या होतात, लाळ गळते, जास्त पोटात गेलं तर चालताना झोक जातो, कधी कातडीला खाज सुटते. जिवावर सहसा बेतत नाही. लिली असती तर आपण अशा निवांत बोलत बसलो नसतो. पण रोज थोडं थोडं पोटात जाणंही बरं नाही, तेव्हा झाड आणि मांजर लांब ठेवा, दुसरा उपाय नाही.

सूनबाईने घरी येऊन हे जसंच्या तसं सासऱ्यांना सांगितलं आणि तिथेच तिचं चुकलं. सासऱ्यांनी त्यातला ‘सौम्य’ तेवढा उचलला आणि तिच्या वाट्याला ‘विषारी’ उरला.

सौम्य म्हणजे सौम्य, ते म्हणाले. मिरचीसुद्धा सौम्य विषारीच म्हणायची मग. मांजराला काय खावं हे कळतं, ते पोट साफ करायला पाला खातं, शाळेतल्या पुस्तकात होतं. तिने वजनाचं सांगितलं. त्यांनी पेन्सिलला हाक मारली आणि तिच्याशी बोलायला सुरुवात केली. सासऱ्यांची ही जुनी सवय होती. सुनेला काही लागेल असं बोलायचं तर ते तिच्याकडे बघत नसत. आधी ते सासूबाईंना उद्देशून बोलायचे, आता मांजरांना.

“काय पेन्सिलबाई,” ते म्हणाले, “तुमच्या मालकिणीला विचारा, झाडं आधी आली की तुम्ही.”

सूनबाईला यावर उत्तर येत होतं, पण ते मांजराला द्यायचं की सासऱ्यांना, या घोळात ते तोंडातच राहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांत ती त्यांना एकदाही उलटून बोलली नव्हती. ते वाईट माणूस नव्हते, हीच खरी अडचण होती. वाईट असते तर भांडता आलं असतं.

मग तिने उपाय सुरू केले. संत्र्याची सालं मांजरांना आवडत नाहीत असं लॅबमधल्या एका बाईने सांगितलं, म्हणून तिने आठवडाभर साली जमवून कुंड्यांत पसरल्या. सालींना मुंग्या लागल्या आणि खोडरबर त्या सालींवर निजला. व्हिनेगर पाण्यात मिसळून फवारलं तर सात झाडांची पानं कडेने करपली. सासऱ्यांनी दोन दिवस मौन धरलं आणि तिसऱ्या दिवशी खोडरबरला सांगितलं की काही लोक औषध म्हणून लोणच्याचं पाणी मारतात. मांजरांना खायला म्हणून तिने एका पसरट डब्यात गव्हाचे कोंब लावले. ते छान हिरवेगार वर आले, पेन्सिलने ते हुंगले आणि शेवंतीकडे गेली. तिने कुंड्यांभोवती जाळी बांधली, तर पेन्सिल जाळीवरून चढून आत गेली आणि तिला बाहेर येता येईना, म्हणून आतल्या आत तीन कुंड्या तिने निवांतपणे खाल्ल्या.

राहता राहिलं दार. दार बंद राहिलं असतं तर बाकीचं काहीच करावं लागलं नसतं. पण सासऱ्यांच्या एका हातात झारी, दुसऱ्या हातात खताची बादली, आणि पायाने दार ढकललं की ते परत उघडायचं. कडी सैल होती. पेन्सिल पंजा घालून तीही उघडायची. म्हणून सूनबाईने सुताराला बोलावून नवी, घट्ट पितळी कडी बसवून घेतली. त्यानंतर तर दार पहिल्यापेक्षा जास्त उघडं राहू लागलं. तिने एका कागदावर ‘कृपया दार लावून घ्यावे’ असं लिहून तो दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली तर कागद नव्हता. त्या जागी जाड पुठ्ठ्याची पाटी होती, भोवती दुहेरी चौकट, मजकूर तोच, सासऱ्यांच्या त्या सुरेख अक्षरात, आणि खाली कडीकडे दाखवणारा बारीक बाण. पाटी उघड्या दारावर होती.

ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि बराच वेळ त्या बाणाकडे पाहत राहिली.

नवऱ्याचा फोन रविवारी यायचा. चित्र दर मिनिटाला गोठायचं आणि तो तोंड उघडं टाकून थांबायचा. तिने सगळा पाढा वाचला. तो म्हणाला, बाबांचंही वय झालंय, तूही जरा समजून घे, मांजरांना आतच ठेव ना. ती म्हणाली, मी आतच ठेवते रे, बाबा दार उघडं टाकतात. मग बाबांशी बोल, तो म्हणाला. तू बोल, तुझे वडील आहेत, ती म्हणाली. त्यावर चित्र गोठलं, आणि या वेळी ते खरंच गोठलं की तो हलायचा थांबला, हे तिला कळलं नाही.

शहरातल्या बागप्रेमी मंडळाचं फुलांचं प्रदर्शन बारा दिवसांवर आलं होतं. सासऱ्यांचा सगळा जीव सतरा नंबरच्या कुंडीत होता. पांढरी शेवंती, पाकळ्या आत वळलेल्या, कळी अजून मिटलेली पण आत्ताच मुठीएवढी. एका सकाळी ती कळी कुरतडलेली निघाली. सासरे ती हातात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि फ्रिजवर पहुडलेल्या खोडरबरसमोर त्यांनी ती धरली.

“पोट भरलं का?” त्यांनी त्याला विचारलं. “का अजून एखादी आणून देऊ?”

सूनबाईने कळी त्यांच्या हातातून घेतली. कामाचा भिंगाचा चष्मा पिशवीतून काढून डोळ्यांवर चढवला आणि कळी दिव्याखाली धरली. दात हा तिचा धंदा होता. दिवसाला वीस जबडे तिच्या हाताखालून जायचे. कोण डाव्या बाजूने चावतं, कोण झोपेत दात खातं, हे ती प्लास्टरचा साचा पाहून सांगायची. तिने सासऱ्यांना भिंग दिलं आणि दाखवलं. मांजर पुढच्या दातांनी कुरतडत नाही, ते बाजूच्या दाढांनी कात्रीसारखं कापतं, कापलेली कड सरळ असते. ही कड खरवडलेली आहे. आणि हा चकचकीत पट्टा बघा. ही गोगलगाय आहे, बाबा.

दोघांनी मिळून कुंड्या उचलून पाहिल्या. बुडाशी, ओलीत, नऊ गोगलगायी निघाल्या. चुकलं असं सासरे म्हणाले नाहीत, पण खोडरबरकडे पाहून “बरं” म्हणाले. सूनबाई त्या दिवशी लॅबमध्ये शीळ घालत काम करत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती एखादा वाद जिंकली होती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती परतली. अंगणात अजून चांगला उजेड होता. कुंड्यांमधल्या मातीवर तिला निळसर काहीतरी दिसलं. वाकून पाहिलं तर तांदळाएवढे निळे दाणे, सगळ्या कुंड्यांत, मुठीने पसरलेले. तिला आधी खत वाटलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत पुठ्ठ्याचा डबा दिसला, त्यावर गोगलगायीचं चित्र आणि चित्रावर लाल फुली. मागच्या बाजूचा मजकूर इतका बारीक होता की तिने पुन्हा भिंगाचा चष्मा काढला. पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावे. पोटात गेल्यास प्राणघातक.

दार उघडं होतं. खोडरबर फ्रिजवर होता. पेन्सिल कुठेच नव्हती.

सासरे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. ती डबा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, हे कधी घातलंत?”

“दुपारी. गोगलगायींसाठी. तूच तर दाखवल्यास.”

“यामागे काय लिहिलंय ते वाचलंत?”

त्यांनी चष्मा वर केला. अक्षर फार बारीक आहे, ते म्हणाले.

“हे सौम्य नाहीये, बाबा. याने मांजर मरतं. पेन्सिल कुठे आहे?”

तिचा आवाज चढला नव्हता. पण ती थेट त्यांच्याकडे बघून बोलत होती आणि मध्ये कुणी नव्हतं, मांजरही नव्हतं. सासरे उठून उभे राहिले. ते पलंगाखाली वाकले. तिने कपाटामागे पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, अंगणातल्या एकेका कुंडीमागे पाहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पेन्सिल सापडली ती कपडे धुण्याच्या यंत्रामागे, अंग आक्रसून बसलेली, तोंडातून लाळेची तार लोंबत असलेली. तिला बाहेर काढलं तर दोन पावलं चालली आणि तिचा झोक गेला.

सासऱ्यांनी स्वतःच टॉवेल आणला, तिला त्यात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. सूनबाईने डबा घेतला. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. सासरे घरातल्या सपाता घालूनच निघाले आणि इतक्या भराभर चालले की तिला मागे पळावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी डबा वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. ताप पाहिला, डोळ्यांत उजेड मारला, पाय ओढून पाहिले. थरथर नाही हे चांगलं आहे, त्या म्हणाल्या, पण वाट बघत बसायला नको. त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात पेन्सिलने स्टीलच्या टेबलावर पोट रिकामं केलं आणि तिघंही त्यावर वाकले. पिवळं होतं, हिरवं होतं, फेस होता. निळं काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काडीने पसरून पुन्हा पाहिलं. शेवंतीच आहे, त्या म्हणाल्या. बऱ्यापैकी खाल्लीय आज. तरी दोन तास इथे ठेवू, माझ्या नजरेसमोर.

सूनबाईला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण त्याच्या खालून जो संताप वर आला तो तिला आवरेना. महिनोनमहिने ज्या फुलाने नाकी नऊ आणले होते, त्याचं नाव ऐकून आज तिला बरं वाटत होतं. इतकी वेळ तिच्यावर आली होती.

सासरे टॉवेल घडी करत होते. डॉक्टरीणबाई पेन्सिलला पिंजऱ्यात ठेवून वळल्या आणि त्यांच्या हातांकडे पाहत राहिल्या.

“दाखवा बरं ते.”

सासऱ्यांनी हात टॉवेलखाली घेतले. काही नाही, माती लागलीय, ते म्हणाले.

“माती अशी नसते. दाखवा.”

त्यांनी हात पुढे केले. दोन्ही अंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटं लालभडक होती, टोकांची कातडी सोललेली, पेरांवर भेगा, आणि दोन भेगांत रक्त सुकलेलं. बाहीच्या आत मनगटापर्यंत पुरळ गेलं होतं. सूनबाईने ते पाहिलं आणि तिला एकेक गोष्ट आठवत गेली. उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा सदरा. कपाचा कान न धरता दोन्ही तळव्यांत धरलेला चहा. ती आली की खिशात जाणारे हात. सबंध दिवस ती भिंग लावून लोकांच्या हिरड्यांचे ठसे तपासायची, आणि एका टेबलावर जेवणाऱ्या माणसाचे हात तिने पाहिले नव्हते.

“मी माणसांची डॉक्टर नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण शेवंतीच्या चिकानं हे होतं एवढं मलाही कळतं. किती दिवस झाले?”

“फार नाही.”

“किती?”

“दोन वर्षं.”

त्यांनी कातडीच्या डॉक्टरांचं नाव एका कागदावर लिहून दिलं आणि त्या पुढच्या कुत्र्याला बघायला गेल्या. सासरे आणि सूनबाई बाहेरच्या बाकावर बसले. समोर एक बाई मांडीवर ससा घेऊन बसली होती आणि तिला यांच्या बोलण्यात रस नव्हता.

“तुम्हाला माहीत होतं,” सूनबाई म्हणाली. “शेवंतीने काय होतं ते तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. आणि मला मिरचीचं सांगत होतात.”

सासरे समोर बघत होते. “सौम्यच आहे,” ते म्हणाले.

तिला त्यांचे हात धरून गदागदा हलवावंसं वाटलं, पण त्या हातांना धरणार कुठे.

“का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर झाडं काढा म्हणाली असतीस.”

“मी मांजरांसाठी झाडं काढा म्हटलं नाही, बाबा. एकदाही नाही. दार लावा म्हटलं. तेवढंच म्हटलं.”

सासऱ्यांनी उजवा अंगठा आणि तर्जनी जवळ आणून चिमूट करायचा प्रयत्न केला. ती पूर्ण मिटली नाही.

“ती नवी कडी घट्ट आहे,” ते म्हणाले. “ओढताना भेगा उलतात. म्हणून राहतं उघडं.”

ती कडी तिनेच बसवून घेतली होती. सुताराला उभं राहून सांगितलं होतं की अजून घट्ट करा, मांजराला उघडता येता कामा नये. ती भिंतीवरच्या जंताच्या औषधाच्या तक्त्याकडे पाहत बसली. चूक कुणाची हे ठरवायला तिने मनात तीन-चारदा सुरुवात केली आणि दर वेळी ती फिरून त्याच कडीपाशी आली. त्याने राग कमी झाला नाही, फक्त तो ठेवायचा कुठे हे कळेना.

“घरी सांगायचं असतं हो,” ती शेवटी म्हणाली. “मी काही परकी नाही.”

“हो,” सासरे म्हणाले. ससा घेतलेल्या बाईला आत बोलावलं गेलं.

सव्वाआठ-साडेआठला ते पेन्सिलला घेऊन घरी आले. सासऱ्यांनी दोन्ही मांजरांना आतल्या खोलीत कोंडलं, आणि सूनबाईने हातमोजे घालून एकेका कुंडीतला निळा दाणा चमच्याने वेचला. सासरे विजेरी धरून उभे होते. ते हात लावायला पुढे आले की ती नुसती मान वर करायची आणि ते मागे सरायचे. शंका नको म्हणून तिने प्रत्येक कुंडीतली बोटभर माती काढून पिशवीत भरली. दीड तास गेला. पाठ मोडून आली. त्यात तेविसाव्या कुंडीतली माती काढताना मूळ दिसतंय, सांभाळून, असं सासरे म्हणाले, तेव्हा तिने चमचा खाली ठेवला, दहापर्यंत आकडे मोजले आणि परत उचलला.

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि कडी काढून त्याने कोपराने दाबता येईल असा लांब दांडा बसवला. दांडा आडवा होता, पेन्सिलला तो तीन दिवसांत जमला. मग सुताराने येऊन तो उभा केला.

कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि शेवंतीला उघड्या हाताने शिवायचं नाही असं बजावलं. सूनबाईने लॅबमधून रबरी मोज्यांचा खोका आणला. सासऱ्यांनी एक दिवस घातले आणि ठेवून दिले. मोज्यातून कळी लागत नाही, ते म्हणाले. बाजूची खुडायला जातो आणि मधलीच तुटते. तिने समजावलं, धाक घातला, नवऱ्याला फोनवर बोलायला लावलं. सासरे हो हो म्हणाले. सकाळी तिने खिडकीतून पाहिलं तर उघडी चिमूट कळीवर.

तेव्हा तिने लॅबमधून दातांचं माप घ्यायची गुलाबी पूड आणली. वाडग्यात पाण्यात कालवून तिची लापशी केली, सासऱ्यांना स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं आणि त्यांचा अंगठा आणि तर्जनी त्यात बुडवून धरली. त्या साच्यात प्लास्टर ओतून तिने त्यांची दोन बोटं तयार केली, रेषांसकट, भेगांसकट. लॅबमध्ये ती दोन बोटं दिवसभर तिच्या टेबलावर कवळ्यांच्या रांगेत उभी होती आणि मालकांनी येता-जाता त्यांच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. त्या बोटांवर तिने पातळ सिलिकॉनची टोपणं चढवली, टोकाला नखासारखी धार ठेवून. पहिली जोडी निसटायची. दुसरी इतकी आवळ की बोट निळं पडलं. तिसरी बसली. सासऱ्यांनी ती घालून एक बाजूची कळी खुडली, चष्म्याजवळ नेऊन तिचा देठ पाहिला, आणि अंगठ्याचं टोपण अजून थोडं पातळ हवं होतं असं म्हणाले.

प्रदर्शनात ते तीन कुंड्या घेऊन गेले आणि उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र घेऊन आले. परीक्षकाला शेवंतीतलं काही कळत नाही, असं त्यांनी जेवताना सांगितलं. हे त्यांनी सूनबाईला सांगितलं, दोन वेळा.

अंगणाचा प्रश्न मात्र सुटेना. सासऱ्यांनी आराखडे काढायचा जुना फळा आणि मोजपट्ट्या बाहेर काढून अंगणाचा आराखडा केला, वीसास एक या प्रमाणात, मांजरांसाठी जाळीची खोली दाखवून. सूनबाई म्हणाली, कोंडायचंच तर झाडांना कोंडा, ती वर चढत नाहीत. आठ दिवस यावर खल झाला. दुसऱ्या आराखड्यात झाडं जाळीत आली, वर छतालाही जाळी, आत जायला दोन दारं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. सुताराने तो आराखडा पाहून म्हटलं की बँकेच्या तिजोरीचं काम आहे का हे. जाळी उभी राहिली, कुंड्या आत गेल्या, आणि त्याच संध्याकाळी खोडरबर, जो आजवर कुणासाठी जागचा हलला नव्हता, जाळीला टेकून बसला आणि भोकांतून बाहेर आलेली पानं एकेक करून खाऊ लागला.

सूनबाईने कात्री आणली आणि बाहेर आलेलं सगळं छाटलं. चार दिवसांत पुन्हा वाढलं. मग कुंड्या चार बोटं आत सरकवायच्या ठरल्या. तशा सरकवल्यावर आत माणसाला वळायला जागा उरेना, म्हणून अकरा कुंड्या कमी करणं आलं. कोणत्या अकरा, यावर सासरे पंधरा दिवस अडून राहिले. रोज एक यादी करायचे आणि रोज खोडायचे. शेवटी मंडळातला एक गृहस्थ टेम्पो घेऊन आला तेव्हा त्यांनी अकरा कुंड्या दिल्या, प्रत्येकीची पट्टी नीट रोवून, आणि टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभे राहिले. पाणी कसं घालायचं हे सांगायचं राहिलं, असं म्हणत ते आत आले आणि त्या गृहस्थाला फोन करायला बसले.

उलट्या थांबल्या असं म्हणता येणार नाही, पण महिन्यात एखादी, आणि तीही केसांची. पेन्सिलचं वजन भरलं. सूनबाई रोज सकाळी कामावर जायच्या आधी जाळीभोवती एक फेरी मारते, बाहेर आलेलं पान छाटते, आणि रोज दहा मिनिटं उशिरा पोचते. सासरे आतून सांगतात, ते नको कापू, त्याची काडी लावायचीय. ती कापते.

परवा त्यांना मधल्या बोटासाठीही टोपण हवं झालं. त्या बोटालाही कळीचा चीक लागतो म्हणे. रविवार होता. तिने वाडग्यात गुलाबी लापशी कालवली आणि त्यांचं बोट धरून आत बुडवलं.

“गार आहे गं,” ते म्हणाले.

“हलू नका. तीन मिनिटं.”

त्यांनी थोडा वेळ दम धरला. “झाली का?”

“अर्धं झालंय,” ती म्हणाली, आणि त्यांचं मनगट टेबलावर घट्ट दाबून धरलं.